नहुषाची लाथ

बेकरीवाला गेली सोळा वर्षं नाटकात नहुष राजा व्हायचा. इंद्राचं सिंहासन मिळताच डोक्यात हवा गेलेला, ऋषींना पालखीला जुंपणारा आणि उशीर होतो म्हणून अगस्त्यांना लाथ घालून शापाने अजगर होणारा हा राजा त्याच्या अंगात असा मुरला होता, की गल्लीत सगळे त्याला राजेसाहेबच म्हणत. ती लाथ बघायला तर माणसं मुद्दाम यायची.

यंदा मात्र पंचाईत झाली. जुने अगस्त्य गाव सोडून गेले आणि त्यांच्या जागी हौसेने उभे राहिले घड्याळजी, म्हणजे बेकरीवाल्याचे नवेकोरे व्याही. लेकीच्या लग्नाला अजून दोन महिनेही झाले नव्हते. आता मुलीच्या सासऱ्याला चारचौघांत लाथ घालायची कशी? तालमीत त्याचा पाय उठायचा आणि ऋषींच्या पाठीवरची धूळ झटकल्यासारखा परत यायचा. नाटक बसवणाऱ्या शिंपीणबाई वैतागल्या. असल्या लाथेला शाप नाही, आशीर्वाद मिळेल, म्हणाल्या. घरी बायकोने वेगळंच बजावलं, "लाथ तुम्ही घालाल आणि बोलणी पोरीला बसतील." बिचाऱ्याचे पाव आठवडाभर करपत होते.

प्रयोगाला हॉल खच्चून भरला. पहिल्याच रांगेत लेक, शेजारी तिची सासू. ऋषींनी पालखी उचलली. चाल वाढवा म्हणून राजा गरजला, पाय उगारला, आणि नेमकी लेक दिसली. पाय तसाच अधांतरी राहिला. पडद्याआड शिंपीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

दांड्याखालून अगस्त्य पुटपुटले, "व्याही, पोर आमच्याकडे सुखात आहे. घाला आता लाथ, खांदा गेला माझा."

राजाच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि सगळा जोर पायात आला. अशी लाथ बसली, की अगस्त्य पुढे आणि त्यांची दाढी दांड्याला. तशाच उघड्या हनुवटीने त्यांनी खणखणीत शाप दिला. टाळ्या थांबेनात. राजा धपकन खाली आला आणि पोटावर सरपटू लागला. समोर लेक आणि सासू एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या.

अजगराने हसायचं नाही, असं शिंपीणबाईंनी दहादा सांगितलं होतं. पण अजगर पोट धरून हसला.