चिमटा आणि दोन कड्या

“गावात एकाच्याच घरी असलेली वस्तू वाईट असते, सूनबाई. काही झालं का बोट त्याच घराकडं जाते.”

शालिग्रामनं व्ही-एट फोर्ड दारात आणून उभी केली त्या दिवशी त्याची आई, गोजराबाई, मोटारीला लिंबू बांधता बांधता हे बोलली होती. पंचफुला तेव्हा हसली. अमरावतीच्या कॉलेजात इंटरपर्यंत शिकलेली सून ती. म्हातारीला नवं काही दिसलं की दृष्टच आठवते, असं तिला वाटलं. “एकच आहे म्हणून तर उतारू आपल्याकडे येतील, आत्याबाई,” असं म्हणून ती आत गेली.

उतारू आले, हे खरं. मालेगावात आठ सिलिंडरची दुसरी मोटार नव्हती. समोरच्या दोन दिव्यांना जोडणारी चकचकीत दांडी, दांडीच्या मधोमध इंग्रजी व्ही आणि त्याच्या पोटात आठाचा आकडा. बाजाराच्या दिवशी खेड्यावरची माणसं त्या बिल्ल्यावर बोट फिरवून पाहायची.

मग ज्येष्ठात एके दिवशी, उन्हं कलल्यावर, किन्हीराजाच्या रस्त्यावर तांड्यातल्या सोमलाला एका मोटारीनं चिरडलं आणि ती न थांबता मालेगावकडे निघून गेली. सोमला जागीच गेला. नाल्यावर बैलांना पाणी पाजणाऱ्या पुंजाजीनं ते पाहिलं. पुंजाजीला अक्षर येत नव्हतं. फौजदारानं विचारलं तेव्हा त्यानं काडीनं धुळीत मोटारीच्या तोंडावरची खूण काढून दाखवली: उघडा चिमटा, आणि त्यात एकावर एक दोन कड्या.

फौजदाराला उमगेना. गर्दीत उदयसिंग उभा होता. मोठा शेतीवाला, पंचांतला माणूस, त्याच्याही घरी मोटार. तो पुढे वाकून म्हणाला, “साहेब, हा तर व्ही-एटचा बिल्ला. साऱ्या मुलखात एकाच्याच मोटारीले हाय. शालिग्रामच्या.”

शालिग्राम त्याच संध्याकाळी त्याच रस्त्यानं, कारंज्याला उतारू सोडून, रिकामा परतला होता. वाटेत चाक पंक्चर झालं, ते एकट्यानं काढून बसवलं, असं तो सांगत राहिला. एकट्या माणसाला साक्षीदार कुठला? त्याला भरबाजारातून, कमरेला दोर लावून नेलं. मोटारही वाशीमला नेऊन कचेरीच्या आवारात उभी केली. सोमलाची बायको दारात येऊन थुंकून गेली. आणि तिसऱ्या प्रहरी उदयसिंग स्वतः आला. पंचफुलेच्या कडेवरच्या पोरीचा गालगुच्चा घेऊन म्हणाला, “काही लागलं तर सांगत जा, वयनी. आमी काय परके हाओत?”

त्या वेळी पंचफुलेला काहीच माहीत नव्हतं. तरी तिनं पोरीचा गाल पदरानं दोनदा पुसला.

पावसाळा लागला. वाशीमला तारखा पडत राहिल्या. पोरगी बसायला लागली, रांगायला लागली, बापानं पाहिलं नाही. पंचफुलेला झोप अशी लागेना. पोरीचा श्वास ऐकत पडायचं आणि मनात तो चिमटा फिरवत राहायचं. बिल्ला व्ही-एटचाच, यात शंका नव्हती. पण आपल्या नवऱ्यानं माणूस मारून घरी येऊन भाकर मागितली असती, हे तिच्या गळी उतरत नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पोरीला घेऊन ती किन्हीराजाला पुंजाजीच्या गोठ्यावर गेली. तो बैलांच्या शिंगांच्या पितळी शेंब्या चिंचेनं घासत होता. तिला पाहून ओशाळला.

“मी खोटं नाही बोललो, बाई. जे दिसलं ते काढून दाखवलं.”

“मी भांडाले नाही आली, पुंजाजीभाऊ. मले फक्त सांगा, चाकं पाह्यली का तुमी?”

“चाकं नाही तर काय पाहू? चाक त्याच्या अंगावरून गेलं तवा मी चाकच पाहून राह्यलो होतो.”

“चाकाच्या मधी पितळेच्या वाटीसारखी टोपी असते. तिच्यावर काय होतं? हाच चिमटा?”

पुंजाजीनं शेंबी खाली ठेवली. “नाही ना. तिच्यावर वेगळंच. वेलीवानी. एका अंगाले लांब शेपूट.” त्यानं पुन्हा काडी घेतली. धुळीत उमटलं ते फोर्ड हे नाव होतं, कंपनीच्या वळणदार अक्षरात, पहिल्या अक्षराची शेपटी लांबवलेली.

पंचफुलेनं वाकून ती शेपटी बोटानं पुन्हा गिरवली.

तिचा बाप अकोल्याला मोटारीच्या एजन्सीत सुटे भाग सांभाळायचा. इतर पोरी भातुकली खेळल्या, ती चाकाच्या टोप्या लावून खेळली. बत्तीस सालच्या फोर्डच्या दोन जाती. अंगानं जुळ्या बहिणी. तोच टप, तेच दिवे, तेच दरवाजे. एकीत आठ सिलिंडर, एकीत चार. कारखाना त्यांची ओळख बिल्ल्यांनी ठेवतो. आठवाली असेल तर दांडीवर व्ही-एट आणि चारही चाकांच्या टोप्यांवर व्ही-एट. चारवाली असेल तर दांडी कोरी, आणि टोप्यांवर नुसतं फोर्ड. तोंडावर एक आणि चाकावर दुसरं, अशी मोटार कारखान्यातून निघतच नाही. अशी मोटार कोणीतरी घरी नटवलेली असते.

आणि मालेगावात चारवाली एकच होती. उदयसिंगाची.

“म्हणजे,” सगळं ऐकून पुंजाजी म्हणाला, “गोऱ्ह्याले मोठ्या बैलाच्या शेंब्या घातल्या म्हणा.”

“अन् पाय नटवायचे राह्यले,” ती म्हणाली. “फौजदाराले हे काहून नाही सांगतलं?”

“त्यानं इचारलंच नाही. म्हणे, चिमटा पुरे झाला.”

दुसरी कोणी असती तर तिथूनच ठाण्यावर धावली असती. पंचफुला धावली नाही. तिनं घरी येऊन पोरीला पाजलं आणि दारात बसून तिरपा समोर दिसणारा उदयसिंगाचा वाडगा, घरापुढचं कुंपणाचं आवार, न्याहाळला. आज आपण बोललो तर आज तो बिल्ला विहिरीत जाईल. मग एका बाईचं तोंड आणि धुळीतल्या दोन रेघा, एवढंच हाती उरेल. शिवाय खरं सांगायचं तर, नवरा सुटणं एवढ्यानं तिचं भागणार नव्हतं. शालिग्रामला सगळ्यांसमोर नेलं होतं. यालाही सगळ्यांसमोर नेलं पाहिजे. शालिग्रामकडे बोट दाखवणारा तो हात तिला दोरात पाहायचा होता.

मग ती उदयसिंगाच्या घरी जाऊ-येऊ लागली. त्याची बायको नानीबाई साधी, हसरी, पंचफुलेपेक्षाही वयानं लहान. तिचा पोरगा वैशाखातला. सवा महिनाही झाला नव्हता म्हणून कारंज्याच्या लग्नाला ती गेली नव्हती. नवरा एकटाच मोटार घेऊन गेला होता. हे तिनं आपण होऊन सांगितलं, आणि लग्नाचा दिवस कोणता तेही. सोमला गेला तोच. पंचफुलेनं चेहरा हलू दिला नाही. जाता-येता मोटारीकडे पाहिलं. दांडीच्या मधोमध एक भोक होतं, लाखेनं बुजवलेलं.

बिल्ला घरातच असणार, ही तिची खात्री. मुंबईहूनच मागवली असणार. एवढा हौशी माणूस ती फेकणार नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दोघी ओट्यावर बसल्या होत्या. दोन्ही लेकरं एका वाकळेवर. घरोघरी उद्याच्या पूजेची तयारी चाललेली. विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा, दारातली मोटार, जे जे हत्यार आणि अवजार घरात असेल ते घासून पुसून पूजेला मांडायचं.

“पोट्ट्याचं अंग गरम लागून राह्यलं,” नानीबाई म्हणाली.

पंचफुलेनं पोराच्या कपाळावर हात ठेवला. दात येत असणार, हे तिला कळलं. ती म्हणाली, “पेटीत काही लोखंड-पितळ झाकून तर नाही ना ठेवलं?”

“काहून?”

“आमच्याकडं म्हणतात, नवमीले जी वस्तू पूजेबाहेर राह्यली ती रुसते. अन् रुसली का घरातल्या सगळ्यात लहान जिवावर उतरते. मोटारीचं काही असलं तर मोटारीवरच, जागच्या जागी लावून पूजावं.”

असं कोणी कुठेच म्हणत नव्हतं. पंचफुलेनं ते त्याच क्षणी रचलं होतं. नानीबाईचा चेहरा उतरला. तिनं पोराला उचलून छातीशी धरलं आणि एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं.

“मरदांची पेटी हाय एक,” ती हळूच म्हणाली.

“मरदांले काय कळते,” पंचफुला म्हणाली.

नवमीला सकाळी उदयसिंगाच्या वाडग्यात माणसं जमली. दरवर्षी ठाण्यातल्या हत्यारांची पूजा आटोपून फौजदार त्याच्याकडे प्रसादाला यायचा, तसा आला. उदयसिंग त्याला आणायला वेशीपर्यंत गेला होता. तो परतला तेव्हा मोटार धुऊन, झेंडूची माळ घालून उभी होती आणि दांडीच्या मधोमध, लाख खरवडून मोकळ्या केलेल्या भोकात, व्ही-एटचा बिल्ला झळकत होता. त्यावर हळदकुंकवाची ताजी बोटं.

उदयसिंगाचा पाय उंबऱ्याशीच थांबला.

पंचफुला पुंजाजीला घेऊन आधीच आत येऊन उभी होती. कडेवर पोरगी. “पुंजाजीभाऊ,” ती शांतपणे म्हणाली, “ओळखता का?”

पुंजाजी मोटारीभोवती फिरला, खाली वाकला, उठला. “हाच चिमटा. अन् चाकावर तीच वेल. हीच मोटार, साहेब. आता तुमी इचारा न इचारा.”

“हा काय तमाशा हाय?” उदयसिंग म्हणाला. “बिल्ला तर कोणीही लावते.”

“लावते ना,” पंचफुला म्हणाली. तिनं पदराच्या टोकानं चाकाची टोपी पुसली. ओल्या टोपीवर अक्षरं लख्ख झाली. “साहेब, आमची मोटार तुमच्याच ताब्यात आहे. वाशीमला माणूस पाठवा आणि तिच्या चारही टोप्या बघा. तिथेही व्ही-एटच आहे. पुंजाजीनं समोर व्ही-एट पाहिला आणि चाकावर फोर्ड पाहिलं. अशी मोटार आमची असूच शकत नाही. अशी एकच आहे, तुमच्या समोर. झाकण उघडून सिलिंडर मोजा, चारच निघतील.”

फौजदारानं प्रसादाचा द्रोण खाली ठेवला. झाकण उघडलं. मोजले. “उदयसिंगजी, बिल्ला कधी लावला?”

“आजच. सणाचा म्हणून. आज पयल्यांदाच.”

तेवढ्यात ताट घेऊन नानीबाई दारात आली. नवऱ्याला खोटं पाडतात असं तिला वाटलं, आणि त्याची बाजू घ्यायला ती अभिमानानं बोलली, “आज कायचा? मुंबईहून मागवला होता त्याहिनं. कारंज्याच्या लग्नाले लावून गेले होते ना.”

फौजदारानं सोबतच्या शिपायाला खूण केली. उदयसिंगानं बायकोकडे पाहिलं. मग पंचफुलेकडे. पंचफुलेनं नजर खाली घेतली नाही. ज्या क्षणासाठी ती चार महिने जागली होती तो हा होता, आणि तिनं तो पुरता पाहून घेतला. त्याच्या कपाळावरचा घाम, ओल्या टिळ्याचा ओघळ, शिपायानं धरलेलं मनगट. बाजारातून नेताना ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पोरीचं तोंड तिकडे वळवून म्हणाली, “बघ.”

शालिग्राम दिवाळीआधी सुटून आला. पोरगी त्याला पाहून रडली, मग त्याची मिशी धरून बसली. गोजराबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. जेवताना त्यानं विचारलं, “सगळं समजलं. पण नानीबाईनं तो बिल्ला बाहेर काढलाच कसा?”

“नवमी होती,” पंचफुला म्हणाली, आणि तव्यावरची भाकर उलटली.

समोरच्या घरात दिवाळीचा दिवा लागला नाही. नानीबाईचे दीर म्हणू लागले, बायकोनंच नवऱ्याले अडकवलं. आधी गडी गेले, मग जनावरं दिरांनी नेली. पंचफुला एकदा वाटीभर दूध घेऊन त्या दारात गेली. कडी वाजवली. आतून नानीबाईचा आवाज आला, रागाचा नाही, नुसताच थकलेला. “तुमी सांगतलं तसंच केलं ना मी, बाई. तरी याचा ताप काहून उतरत नाही?”

पंचफुलेनं वाटी पायरीवर ठेवली. सकाळी ती तशीच होती, वर मुंग्या.

तेव्हापासून ती दारात बसून पाहते. दोरीवर बाळोती वाळत नाहीत. पहाटे विहिरीवर बादलीचा आवाज येत नाही. रडणं एकदा ऐकू आल्यासारखं वाटलं, पण ते आपल्याच पोरीचं होतं. तिनं पुन्हा कडी वाजवायची म्हटलं तर दार तिच्यासाठी उघडणार नाही, आणि शालिग्रामला पाठवायचं तर काय सांगून पाठवायचं?

म्हणून, वाचणारे हो, तिचं तुमच्याकडे मागणं आहे. मालेगावावरून जाणार असाल तर बाजाराच्या अंगाला, झेंडूची सुकी माळ अजून लटकते आहे त्या वाडग्याशी थांबा. पंचफुलेचं नाव काढू नका. वाटसरू आहोत म्हणावं, घोटभर पाणी मागावं. पाणी द्यायला नानीबाई स्वतः उठून येते का, आणि तिच्या कडेवर पोर आहे का, तेवढं पाहा.