इंदुबाईच्या लुगड्याचा वास

गाठ सुटत नव्हती. पदराच्या टोकाला करकचून मारलेली, बोराच्या बीएवढी, भिजून आणखीच घट्ट झालेली, आत काहीतरी टणक – सुपारीचं खांड असावं. तनुजानं नखानं ती उकलायचा नाद सोडला आणि दोरीवरचा ओला पदर तसाच नाकाशी नेला. साबण. नुसता साबण, आणि त्याच्यावर जंतुनाशकाचा तो स्वच्छ वास, जो प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं तिनं हातांना चोळला होता आणि ज्याच्याविषयी आजवर तिची काही तक्रार नव्हती.

"धुतलं मी," बायडाबाई, तिच्या सासूबाई, उंबऱ्यात बसून लसूण सोलता सोलता म्हणाल्या. "मेलेल्या बाईचं वस्त्र हाय ते. किती दिस अंगावर घिऊन हिंडायची तू? चांगलं उकळत्या पाण्यात बुचकळलं."

"आई, ते धुवायचं नव्हतं हो."

"व्हय का? मग मला मेलीला काय ठाऊक. आमच्यात कापडं मळली की धुत्यात. तुमच्या कालिजात जपून ठेवत असतील."

पलीकडून शेळी ओरडली. एकदाच, आखूड. करडाचा आवाज आला नाही – सकाळपासून आला नव्हता, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

घर आणि नव्या सोसायटीची भिंत यांच्यामध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी उरली होती. बाकी सगळ्या शेताचे टॉवर झाले. ही तेवढी दिवाळीपर्यंत तुझी, सासरे म्हणाले होते, तोवर शेळीपालन जमलं तर जमलं, नाहीतर बिल्डर थांबलाच आहे. तिनं भंगारातले पाइप उभे केले, त्यांच्यावर जाहिरातीचा जुना फ्लेक्स ताणला. त्यावरचं हसरं जोडपं आता उलटं टांगल्यासारखं गोठ्यात बघत असायचं. सोसायटीचा माळी सुबाभूळ छाटायचा तो पाला फुकट मिळायचा. तिच्या हिशेबात तीन शेळ्या होत्या. हातातल्या पैशात एकच बसली, तीही स्वस्त होती म्हणून.

स्वस्त का, ते मुळशीकडच्या इंदुबाईच्या मुलानं, विक्रमनं, आधीच सांगितलं होतं, फसवलं नव्हतं. "आई गेल्यापास्नं खात नाय हो ही. पोराला पाजत बी नाय, लाथा मारती. कसाई मागतोय, पर आईचा जीव होता हिच्यात." शेळी टेम्पोत चढवल्यावर तो आत गेला आणि हिरवं लुगडं घेऊन आला. "ह्ये न्या. ह्याचा वास आला की पान्हा सोडती. न्हाईतर चोरती."

तनुजाला यात चमत्कारिक काही वाटलं नव्हतं. वास म्हणजे रेणू. ओळखीचे रेणू म्हणजे सुरक्षितता. जनावर घाबरलं की पान्हा अडतो. रोज लुगडं थोडं थोडं कमी करायचं – आधी सगळं अंगाभोवती, मग नुसतं खांद्यावर, मग हातात – आणि तसतसा आपला वास त्याच्या जागी बसवायचा. सोपी गोष्ट होती. पहिल्याच सकाळी ड्रेसवरून ते गुंडाळून ती आत गेली तर शेळी थेट आली, तिच्या पोटाशी तोंड खुपसून उभी राहिली, मिश्री आणि चुलीचा धूर आणि एका अनोळखी म्हातारीचा घाम… आणि खाली करडू चुकचुक पिऊ लागलं. तेव्हा तनुजाचा हात शेळीच्या शिंगांमध्ये गोल गोल फिरत होता. असं खाजवायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. आणि तोंडातून आलं, "खा गं माझे बाय, खा." नवरा बाहेरून हसला होता. "कोथरूडच्या पोरीला मुळशी चढली की."

कमी करायचं राहूनच गेलं. खांद्यावर घ्यायच्या दिवशीही तिनं ते अंगभर घेतलं. दुपारी कुणी नसताना घरातही घेऊन बसू लागली. बायडाबाईंनी बघितलं असणार… नाही, तिनं स्वतःशी कबूल केलं, खरं सांगायचं तर मी तो वास घालवत नव्हते, पुरवून पुरवून वापरत होते. प्रयोगशाळेत माझंच काम करणारं नवं यंत्र आलं, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात फाटकावर माझं कार्ड चालेना, आणि रोज नमस्कार करणाऱ्या वॉचमननं विचारलं, "मॅडम, नाव काय आपलं?" इंदुबाईसाठी एका जनावरानं पाला तोडणं सोडलं होतं. मी त्या बाईला कधी पाहिलं नाही. पण ती कशी असेल, ते आतून, कापडाच्या आतून पाहावंसं वाटत होतं… आणि आता ते कापड दोरीवर होतं, कुणाचंच नसलेलं.

ती तशीच गोठ्यात शिरली, स्वतःच्या कपड्यांत. करडू कोपऱ्यात मान टाकून पडलं होतं. तिनं त्याला उचललं. पोट खपाटीला गेलेलं, कान गार. बाटलीनं पाजायचं तर आज निभेल, पण शेळी अशीच राहिली तर उद्या दोघंही जातील, आणि त्यांच्याबरोबर ही पट्टी, दिवाळी, सगळंच. तिनं करडू कासेखाली धरलं. शेळीचा मागचा पाय उचलला गेला… आणि तसाच थांबला.

शेळीनं मान वळवली. आधी मनगट हुंगलं, मग काख, मग मान लांब करून कानामागचे केस. गरम, सुबाभळीच्या वासाचा श्वास तनुजाच्या मानेवर येत राहिला आणि ती हलली नाही. मग हळूच पाय खाली टेकला. कास थरथरली. करडानं दोनदा ढुशा दिल्या आणि सड तोंडात धरला.

आनंद व्हायला हवा होता. झालाही, क्षणभर, छातीत काही सुटल्यासारखा – चला, स्वीकारलं हिनं मला. पण लगेच जुनी शिस्त जागी झाली: मला, हे कशावरून? इतके दिवस ते लुगडं अंगाला घासत होतं. दोन कारणं, निकाल एकच, आणि ती वेगळी करायची सोय नाही. तिनं दंडाला नाक लावलं. काही नाही. स्वतःचा वास स्वतःला येत नसतो, नाक त्याला सरावून सोडून देतं – मग हा काही नसलेला वास तिचा होता, की तिला सवयीचा झालेला दुसऱ्या कुणाचा?

आंघोळ करून परत यावं. म्हणजे कळेल. साबण लावून, केस धुऊन… नको. आत्ता नको.

"अगं, कुनाशी बोलतीस मघापास्नं?" बाहेरून बायडाबाईंची हाक आली. "कोन हाय आत?"

तनुजाचे ओठ मिटलेले होते. निदान तिला तसं वाटत होतं. शेळी कान टवकारून तिच्या तोंडाकडे बघत होती, पुढचा शब्द यायचा आहे अशी.

"मीच आहे," ती म्हणाली. आणि हे आपण सासूबाईंना सांगितलं की शेळीला, ते तिला कळेना.