सुट्टीतल्या पेपरचं बिल

ह्यांची नोकरीच अशी आहे की दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढायच्या, आणि मग संध्याकाळी घरी येऊन आमच्या काढायच्या. त्यामुळे पेपरचं बिल उघडताच ह्यांच्या भुवया वर गेल्या, तेव्हा मला काही फारसं नवल वाटलं नाही. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. सासरे खिडकीजवळच्या खुर्चीत पेन्सिल घेऊन शब्दकोडं सोडवत बसले होते.

"हे बघ," हे म्हणाले. "आपण सुट्टीवर जाताना मी स्वतः फोन करून पेपर बंद केला होता की नाही? आणि ह्या लोकांनी त्या सगळ्या दिवसांचे पैसे लावलेत! वर खंड आकार. त्याच्याखाली पुन्हा सुरू करण्याचा आकार. म्हणजे बंद केला म्हणून पैसे, चालू केला म्हणून पैसे, आणि जो आलाच नाही त्याचेही पैसे!"

"मी देतो रे," सासरे कोड्यावरून मान न उचलता म्हणाले. "असे कितीसे असणार? जाऊ दे."

"बाबा, प्रश्न पैशांचा नाही. तत्त्वाचा आहे."

ह्यांच्या तोंडून तत्त्व हा शब्द बाहेर पडला की निदान दोन दिवस घरात कुणाला चैन नसते, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकले. ह्यांनी लगेच बाल्कनीत जाऊन रद्दीचा गठ्ठा खाली-वर केला. सुट्टीतला एकही पेपर त्यात नव्हता. मग काय, पुरावाच हाती लागला. "शनिवारी जातो आणि त्यांच्या टेबलावर हे बिल आपटतो," असं जाहीर करून हे अंघोळीला गेले. सासऱ्यांची पेन्सिल मात्र एका चौकोनावर थांबली होती ती पुढे सरकेना. मला वाटलं, शब्द अडला असेल.

सुट्टीबद्दल आधी सांगायला हवं. आम्ही दरवर्षी तिघंही जातो. ह्या वर्षी ठरलं होतं ते घर डोंगरावर, आणि वर जायला नुसत्या पायऱ्या. सासऱ्यांचा सगळा जन्म लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, आणि त्यापायी त्यांचे स्वतःचे गुडघे मात्र कामातून गेले. "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतो," ते म्हणाले. आम्ही दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा केला नाही, हे खरं.

पण त्यांची सोय मी अगदी चोख लावली होती, निदान तसं मी सगळ्यांना सांगत होते. समोरच्या बाई दोन्ही वेळचं जेवण आणून देणार होत्या. गोळ्या वारांप्रमाणे डब्यांत घालून ठेवल्या होत्या. रोज संध्याकाळी आम्ही फोन करायचो आणि ते म्हणायचे, "सगळं झकास आहे. तुम्ही मजा करा." आम्ही मजा केली.

परत आल्यावर एकच फरक दिसला. सासरे चहा बिनदुधाचा पिऊ लागले होते. आयुष्यभर ज्या माणसाला दाट दुधाचा चहा लागायचा, आणि दूध जरा कमी पडलं की जो कपात वाकून बघायचा, तो माणूस काळ्या पाण्याचे घोट घेत म्हणत होता, "आता हाच बरा वाटतो." मी त्यांची भरपूर थट्टा केली. "आम्ही नव्हतो तेवढ्यात बाबांनी तब्येत मनावर घेतली," असं समोरच्या बाईंनाही सांगितलं. सासरेही हसले होते.

शनिवारी आम्ही निघालो. मी बरोबर गेले ती ह्यांना आवरायला. पायात चपला घालतोय तोवर सासरे दारापाशी आले.

"फोनवर नाही का होणार? एवढ्या लांब कशाला जाता?"

"फोनवर हे लोक दाद देत नाहीत," हे म्हणाले.

"माझा गुडघा आज जरा जास्तच ठणकतोय. कुणी घरी असतं तर बरं झालं असतं."

"तासाभरात येतो, बाबा," मी म्हटलं. "आल्यावर शेकून देते." एकटं राहायचा कंटाळा आला असेल, असं मी धरून चालले. माझं आपलं असंच असतं, समोरच्याचं उत्तर मी आधीच देऊन टाकते.

पेपर एजन्सी म्हणजे वह्या-पेनांच्या दुकानामागची एक खोली होती. जमिनीवर पट्ट्यांनी बांधलेले गठ्ठे, भिंतीला टेकवलेल्या दोन सायकली, आणि टेबलामागे केसांवर चष्मा चढवलेल्या एक बाई. त्या फोनवर कुणाशी तरी भांडत होत्या. फोन ठेवून त्या आमच्याकडे वळल्या तेव्हा त्यांचं भांडण अजून उरलेलं होतं.

ह्यांनी बिल समोर ठेवलं. आपटलं नाही, माझी कोपरखळी वेळेवर बसली. पण आवाज काही मला आवरता आला नाही.

"पेपर बंद ठेवायला सांगितला होता. मी स्वतः. तुम्ही आम्हाला न आलेल्या पेपरचे पैसे लावता?"

बाईंनी चष्मा नाकावर ओढला आणि पत्ता वाचला. "हां, तुम्ही होय. तुम्ही फोनवर म्हणालात, सुट्टीवर चाललोय, घरात कुणी नाही, पेपर टाकू नका. बरोबर?"

"अगदी बरोबर."

"खंड आकार त्याचा. तो सगळ्यांनाच लागतो. मग दुसऱ्या दिवशी सकाळीच तुमच्या घरून फोन आला, पेपर चालू करा म्हणून. मुदतीच्या आत चालू केला की तो दुसरा आकार. आणि त्यानंतर रोज पेपर टाकलाय, त्याचे पैसे. ह्यात चूक कुठेय?"

"आमच्या घरून फोन येणं शक्यच नाही!" ह्यांनी आता टेबलावर हात मारला. "घर बंद होतं हो! घरात कुणीसुद्धा नव्हतं!"

आणि शेजारी उभी राहून मी मान डोलावली. हे मला लिहायलाच हवं. चांगली दोनदा डोलावली.

बाई आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "मग ते वयस्कर गृहस्थ कोण?" त्यांनी विचारलं. "म्हणाले, मी घरीच आहे, पेपर आला नाही."

ह्यांचा हात टेबलावरच राहिला होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला.

"मी सांगितलं त्यांना," बाई आता जरा खालच्या आवाजात बोलत होत्या. "म्हटलं, काका, तुमच्या मुलाने बंद केलाय, घरात कुणी नाही असं कळवलंय. तर म्हणाले, बरोबर आहे, मी जाणार होतो, ऐन वेळी राहिलो. तुम्ही चालू करा, आणि वरचे पैसे मुलाच्या बिलात नका घालू, माझं वेगळं बिल करा. पण एका घरची दोन बिलं आमच्याकडे होत नाहीत. ते राहिलं तसंच."

ह्यांनी पैसे दिले. मोजून नाही, जे हाताला लागलं ते दिलं, आणि उरलेले परत घ्यायलाही थांबले नाहीत. ते मी घेतले.

रस्त्यावर आल्यावर मला खरं तर हातात आयतंच कोलीत मिळालं होतं. इतकी वर्षं माझ्या चुका काढणारा माणूस खाली मान घालून चालला होता. मी सोडते होय!

"सख्खा बाप घरात बसलाय आणि तुम्ही सांगता घरात कुणी नाही? जीभ तरी कशी रेटली तुमची?"

"मी विसरलो नव्हतो गं," हे म्हणाले. "सकाळीच त्यांच्या पाया पडलो, पिशव्या उचलल्या आणि जिन्यात फोन केला. दरवर्षी जे बोलतो तेच बोलून गेलो. दरवर्षी आपण असंच करतो ना. मी पेपर बंद करतो, तू दूध."

मी थांबले. मागून येणारा एक माणूस माझ्यावर आदळता आदळता वाचला आणि काहीतरी पुटपुटत पुढे गेला.

दूध. निघायच्या आदल्या दिवशी मीच दूधवाल्याला सांगितलं होतं, आम्ही नाही आहोत, परत आल्यावर कळवते. फ्रिज रिकामा करून, पुसून, त्याचं दार उघडं ठेवून मी निघाले होते. सासरे तेव्हा स्वयंपाकघरातच होते. त्यांनी मला फ्रिज पुसताना पाहिलं होतं, आणि नंतर म्हणाले होते, "किती करशील, दमलीस."

दुकान चार मजले उतरून कोपऱ्यावर. लिफ्ट असली तरी त्यांच्या गुडघ्यांना तो कोपरा म्हणजे परदेशच. समोरच्या बाईंना कपभर दूध मागितलं असतं तर त्यांनी आनंदाने दिलं असतं. पण मग सून सासऱ्यासाठी दूधही ठेवून गेली नाही, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं असतं. म्हणून ते माझ्यासाठी बिनदुधाचा चहा प्याले. आणि आम्ही परत आल्यावर एकदम दुधाचा मागितला असता तर मी विचारलं असतं, म्हणून पुढेही पीतच राहिले. आणि मी त्यांची थट्टा केली. समोरच्या बाईंपुढे केली.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही. चला," मी म्हटलं. ह्यांना बोलायला माझ्याकडे आता तोंडच उरलं नव्हतं.

घरी सासरे त्यांच्या खोलीत पलंगावर बसून होते. पेपर शेजारी होता, पण घडी मोडलेली नव्हती. हे दारातच उभे राहिले.

"काय म्हणाले एजन्सीवाले?" सासऱ्यांनी विचारलं. "केले का काही कमी?"

"नाही, बाबा. बिल बरोबर होतं."

"सगळं?"

"सगळं."

सासऱ्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "त्या बाईंना मी सांगितलं होतं वेगळं बिल करा म्हणून," ते म्हणाले. "असा दारात काय उभा राहतोस? आत ये, आणि ही गादी जरा उचल."

ह्यांनी गादी उचलली. खाली सुट्टीतले सगळे पेपर ओळीने पसरून ठेवलेले होते. "हे आता रद्दीत टाकून दे. इतके दिवस पाठीला टोचतायत," सासरे म्हणाले आणि स्वतःच थोडे हसले. हे हसले नाहीत. पेपर गोळा करता करता ते पलंगापाशी खाली बसले आणि बसूनच राहिले. सासऱ्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मी स्वयंपाकघरात गेले. चहाला पाणी कमी घातलं आणि दूध जास्त, त्यांना आवडतो तसा दाट केला. कप घेऊन आत जाताना थोडा बशीत सांडला.

सासऱ्यांनी कपात पाहिलं. "अगं, बिनदुधाचा चालला असता."

"बाबा, दूध मी बंद केलं होतं," मी म्हटलं. आणखी पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं, वाटेत मनात जुळवलंही होतं. पण रडूच आलं.

"घाईत होतं असं," ते म्हणाले. त्यांनी कप उचलला. आधी फुंकर मारून एक घोट घेतला, आणि मग डोळे मिटून, न थांबता, तळापर्यंत सगळा चहा संपवला. बशीत सांडलेलाही प्याले.

मग रिकामा कप त्यांनी माझ्यापुढे केला. माझ्याकडे न बघता, जरा ओशाळल्यासारखं त्यांनी विचारलं, "अजून अर्धा मिळेल?"