वारा नव्हता

क्लिफर्डचा उजवा हात खांद्याच्या वर जाणं केव्हाच बंद झालं होतं. शर्टाचं वरचं बटण ब्रेंडा लावून देई, आणि गावाला याचा पत्ता नव्हता.

"कोट घालायला बायको लागते, आणि झेंडा उचलणार म्हणे!" टायची गाठ आवळत ती म्हणाली.

"वर्षातून एकदाच तर असतं."

"सांग ना हॅरोल्डला, दुखतंय म्हणून. जीभ झडणार नाहीये."

हॅरोल्ड म्हणजे माजी सैनिकांच्या क्लबचा अध्यक्ष. त्याला सांगायचं? क्लिफर्डचा बाप मरतानाही 'ठीक आहे' म्हणत गेला होता. त्या घरातल्या पुरुषांना दुसरा शब्दच कोणी शिकवला नव्हता. शिवाय फॉकलंडच्या लढाईवरून परतल्यापासून युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनाचा झेंडा क्लिफर्डचाच. तो मान गेला की उरणार नुसता एक म्हातारा. या सगळ्याचा त्याला वीट आला होता, पण त्या म्हाताऱ्याची भीती जास्त होती.

चौकातल्या स्मारकापाशी सगळा गाव कोटाला हुतात्म्यांच्या आठवणीचं लाल कागदी पॉपीचं फूल लावून उभा होता. बिगुल वाजला तसा क्लिफर्डने झेंडा जमिनीला टेकेपर्यंत झुकवला. दोन मिनिटं कोणी खोकलंसुद्धा नाही. दुसऱ्या बिगुलावर झेंडा वर घ्यायचा असतो. तो गुडघ्यापर्यंत आला आणि तिथेच अडला.

बिगुल संपला. कोणी हललं नाही. न मागता पुरुषाच्या ओझ्याला हात लावणं म्हणजे त्याच्या थोबाडीत मारणं, हे तिथे पोराटोरांनाही कळतं. सगळे शहाणे आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

"दुखतंय," क्लिफर्ड म्हणाला. त्या शांततेत ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

ब्रेंडा पर्स सावरत पुढे आली आणि तिने काठीला हात घातला. झेंडा वर गेला. क्लिफर्डला वाटलं, सुटलो एकदाचा.

नंतर पबमध्ये हॅरोल्डने त्याच्यापुढे बिअरचा ग्लास ठेवला. "काय सुसाट वारा होता रे आज!"

"झेंड्यात भरला ना," शेजारचा म्हणाला. "कोणाच्या बापाला उचलता आला नसता."

"वारा नव्हता," क्लिफर्ड म्हणाला. "माझा खांदा..."

"होता रे, होता!" हॅरोल्डने घाईघाईने त्याच खांद्यावर थाप मारली. "पुढच्या वर्षी नसेल. झेंडा तुझाच. आम्ही काय तुला सोडतोय होय?"

क्लिफर्डच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लगेच सगळे टीव्हीवरच्या मॅचकडे वळले. ब्रेंडा तेवढी त्याच्याकडे बघत होती.

त्याने डाव्या हाताने ग्लास उचलला.

"ठीक आहे," तो म्हणाला.