एका बोटाची फट

भंगारवाल्यानं फोनवर पाच कामं सांगितली होती. कागद हाताशी ठेवा, बॅटरी काढा, टाकीतलं पेट्रोल उपसा, चाकांत हवा भरा आणि गाडी रस्त्याच्या कडेला आणून ठेवा. चार कामं मी सकाळी नऊलाच उरकली. पाचव्याला घोडं अडलं.

गाडी माझ्या थोरल्या भावाची. बत्तीस वर्षं दादानं टॅक्सी चालवली, त्यातली ही शेवटची. नऊ वर्षांपूर्वी त्यानं ती घराच्या बाजूला पत्र्याखाली लावली, तोंड बाहेर करून. मग साखरेनं डोळे गेले. आता त्याला उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. गेल्या महिन्यात जिन्यावरून घसरला, कंबर थोडक्यात वाचली. त्याच दिवशी आमच्या हिनं फर्मान काढलं : दादा आता वर झोपणार नाहीत, पत्र्याखाली त्यांची खोली करायची, ते डबडं काढा.  दादा दुसऱ्या दिवसापासून सकाळी चाचपडत गाडीत जाऊन बसायचा, ते जेवायला हाक मारली की उतरायचा.

आता माझी अक्कल ऐका. मी गवंडी माणूस. तो जिना मीच बांधला, गाडी आत उभी असताना, गाडीच्या वाटेवरच. एका बाजूला कुंपणाची भिंत, दुसऱ्या बाजूला जिना, मधून गाडी निघेल एवढी जागा फीत लावून सोडली. शिवाय चार बोटं जास्तीची ठेवली. पण मोजलं ते विटेपासून विटेपर्यंत. पुढे दोन्हीकडं गिलावा चढला, त्यानं दोन बोटं खाल्ली. जन्मभर लोकांच्या भिंतींना गिलावा केला आणि स्वतःच्या घरी तोच धरायला विसरलो. नऊ वर्षं कुणाला पत्ता नाही, कारण गाडी हललीच नाही. त्या सकाळी आरसे काढून परत फीत लावली, तर दोन्ही बाजूंना एकेक बोट. तेसुद्धा गाडी अगदी नाकासमोर निघाली तर. वाट किती लांब? बारा फूट.

हिला सांगितलं.  ही म्हणाली, बाहेर कुणाला सांगू नका, कामं मिळायची बंद होतील.

भंगारवाला दहाला आला. जाडजूड माणूस, दाढीत लोखंडाची धूळ. त्याच्या ट्रकवर तार गुंडाळणारं यंत्र होतं, कसलीही गाडी ओढून वर घ्यायचं. त्यानं वाकून फट बघितली आणि मान हलवली. तार फक्त ओढते म्हणाला, सरळ ठेवायचं काम स्टिअरिंगवरच्या माणसाचं. तो स्वतः यंत्रापाशी उभा राहणार, आत बसणार कोण? मला तर गाडी चालवता येत नाही. गाडी मधेच तिरकी होऊन अडकली तर जिन्याच्या कडेला धरून ओढली जाईल, मग जिन्याचं खापर त्याच्यावर नको. त्यापेक्षा खालच्या चार पायऱ्या फोडा.

फोडा म्हणजे काय, वर जायला तेवढा एकच जिना. आणि खालच्या पायऱ्यांवरच अख्ख्या जिन्याचा भार. तरी मी घण आणला. माझीच चूक, दुसरं काय करणार?

रोजच्यासारखा गाडीत जाऊन बसलेल्या दादाचा आवाज आला. "घण ठेव. मी काढतो."

मी म्हटलं, दादा, तुला दिसत नाही.

"नऊ वर्षांत मी कधी काही सांगितलं का? नाही ना. आज मी सांगतोय."

मी हिच्याकडं बघितलं. वाटलं, ही तरी नको म्हणेल. हिनं माझ्या हातातला घण काढून घेतला आणि म्हणाली, "काढू द्या त्यांना."

दादानं काच खाली केली. जिना त्याच्याच बाजूला होता. त्यानं पंजा खिडकीच्या कडेवर ठेवून तर्जनी बाहेर काढली, जिन्याची भिंत आली की ती दार आणि भिंत यांच्यामधे येईल अशी.  गाडी दोराभर इकडं सरकली तर बोटाचा भुगा. तो म्हणाला, बोट सैल झालं तर गाडी पलीकडं जातेय, आवळलं तर अलीकडं येतेय. एक बोट इथं असलं म्हणजे एक बोट तिथं आहे. भंगारवाल्याला म्हणाला, सावकाश ओढ, आणि मी सांगितल्याशिवाय थांबू नको.

तार ताणली. नऊ वर्षांची गाडी कण्हली आणि निघाली.

 मी कुंपणाच्या बाजूनं फटीत डोळा लावून बघत होतो. बाहेरचा उजेड पट्टीसारखा दिसत होता, वरपासून खालपर्यंत सारखा. गाडी फूटभर आली, तीन फूट आली, ती पट्टी बारीक झाली नाही की जाड झाली नाही. दादाचा एक हात स्टिअरिंगवर होता. तो फिरताना दिसतच नव्हता, नुसता श्वास घेत असल्यासारखा हलत होता. डोळे मिटलेले. मी चाळीस वर्षं ओळंबा लावून भिंती उभ्या केल्या, पण असली सरळ रेघ मला आयुष्यात कधी मारता आली नाही.

मधेच तो म्हणाला, "इथं तुझा हात हलला होता." त्याच्या बोटाखाली गिलाव्याला फुगवटा होता. मला तो नऊ वर्षांत दिसला नव्हता. तिथं त्याचं बोट सोललं, रक्त आलं, पण त्यानं ते काढलं नाही. फुगवटा गेला आणि गाडी पुन्हा मधोमध.

मागचं चाक शेवटच्या पायरीपुढं गेलं तेव्हा दादा थांब म्हणाला, भंगारवाल्यानं यंत्र बंद केलं. कुंपणाला ओरखडा नाही, जिन्याचा टवका उडाला नाही. हिनं पदराची चिंधी फाडून दादाच्या बोटाला बांधली. तो दार उघडून उतरायला लागला.

भंगारवाला खिडकीपाशी गेला.  त्यानं हातमोजे काढले, दार हळूच लावून घेतलं आणि म्हणाला, "बसा, काका. ट्रकवर पण तुम्हीच चढवा."

त्यानं ट्रकला उतरत्या फळ्या लावल्या. दादानं पाठ ताठ केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.