बॅटरीशेजारचं कुंकू

गाडी शिवोलीच्या पुलावर बंद पडली तेव्हा माझी सासू म्हापशाहून डायलिसिस करून घरी चालली होती. हाताला पट्टी, अंगात त्राण नाही आणि वर दुपारचं ऊन. मी चावी फिरवली. समोरचे काटे जरा हलले आणि परत खाली पडले. मागे गाड्यांची रांग लागली. भाड्याच्या स्कूटरवरचे पर्यटक वळसा घालून पुढे गेले. एक टेम्पोवाला थांबून म्हणाला, "काका, म्युझियमात दी ती!"

सासूने पदर डोक्यावर ओढून घेतला. तिचं नाव चंद्रावती. मी तिला आई म्हणतो. थोड्या वेळाने गाडी जशी बंद पडली तशीच सुरू झाली आणि आम्ही हरमलला पोचलो. दारात उतरताना ती म्हणाली, "रामचंद्रबाब, आता पुरे झाला. गुरवारी तुमी येव नकात."

"मगे कोण नेतलो तुमका?"

"स्नेहा नेयत स्कूटरीर. नाय जमला तर आठवड्यातसून एकदा जायन."

स्नेहा म्हणजे तिची सून. मुलगा जहाजावर असतो. डायलिसिस झाल्यावर आईला धड उभं राहवत नाही, ती स्कूटरवर कशी बसणार? आणि आठवड्यातून एकदा चालणार नाही, दोनदा यावंच लागेल, हे डॉक्टरांनी तिला माझ्यासमोर सांगितलं होतं. तिला ते नीट ठाऊक होतं. म्हणूनच मला भीती वाटली.

हे काम आधी माझी बायको विनोदिनी करायची. आम्ही मयेला राहतो. सोमवारी आणि गुरुवारी ती पहाटे गाडी काढायची, हरमलहून आईला घ्यायची आणि म्हापशाला न्यायची. जानेवारीत विनोदिनी गेली. छातीत दुखतंय म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. दिवसकार्य झाल्यावरच्या सोमवारी मी चावी उचलली आणि हरमलला गेलो. जा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

पावसाळा संपला तेव्हापासून गाडी त्रास देत होती. गतिरोधकावर बंद पडायची, सिग्नलला बंद पडायची, आणि कधी पंधरा दिवस काहीच नाही. दोन गॅरेज झाली. एकाने बॅटरी आणि प्लग बदलले. दुसऱ्याने कॉइल बदलली, मग पेट्रोलचा पंप बदलला. प्रत्येक वेळी वाटायचं, आता झालं. मग पुन्हा तेच.

पुलावरच्या प्रकारानंतर मी गाडी डिचोलीला रुद्रेशकडे नेली. हा मुलगा वायरिंगचं काम करतो. त्याने आधी पाना उचललाच नाही. स्टुलावर बसून विचारत राहिला.

"बंद पडते तेव्हा काय काय चालू असतं, काका?"

"पंखा असतो. ब्रेकवर पाय असतो."

"आणि रात्री?"

"दिवे लावले की इंजिन तापतं. काटा वर जातो. दिवे बंद केले की खाली येतो."

तो हसला. "दिवे लावल्यान इंजिन तापता काय, काका? काटो तुमका फटयता. इंजिन थंड आसा. करंट बॅटरीतसून जाता, पण परत येवची वाट बंद झाली हा."

त्याने बॉनेट उघडलं. बॅटरीतून निघालेली काळी वायर बाजूच्या पत्र्यावर एका बोल्टाने बसवलेली असते, तीच ती परत येण्याची वाट. वायर जाड आणि चांगली होती. बोल्ट मात्र दिसतच नव्हता. त्यावर हळद होती, कुंकू होतं, तेलात चिकटलेल्या अक्षता होत्या आणि एक वाळलेलं झेंडूचं फूल होतं.

"ह्यां कोणी काढूक नाय?"

"पूजेचं आहे ते."

"ताच म्हणतंय. दोन मेस्त्रींनी बगला आसतला आणि दोगांनी हात जोडले आसतले."

खरं होतं. बॅटरी बदलणाऱ्याने तर फूल हलू नये म्हणून बॅटरी अगदी जपून उचलली होती. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं.

दर दसऱ्याला विनोदिनी गाडीची पूजा करायची. बाकीचे लोक बॉनेटवर आणि चाकांवर कुंकू लावतात. ती बॉनेट उघडून आतही लावायची. म्हणायची, काम आतलं करतंय, मान बाहेरच्याला कशाला? आधी जुनं धुऊन काढायची, पळीभर पाणी घालायची, मग नवं लावायची. वर्षानुवर्षं ते पाणी बोल्टाखाली मुरत गेलं. यंदा तिचं वर्ष व्हायचं होतं म्हणून आम्ही सण केला नाही. त्यामुळे गेल्या वर्षीच्या दसऱ्याचं कुंकू तसंच राहिलं होतं. घरातले तिचे कपडे मुलीने नेले. फणीसुद्धा कुठे गेली कळलं नाही. हे एवढं तिच्या बोटांनी लावलेलं शिल्लक होतं, आणि ते आहे हे मला ठाऊक होतं. दोन्ही मेस्त्रींना मीच सांगितलं होतं, तेवढं सोडून बाकी काय ते बघा.

रुद्रेशने एक जाड वायर बॅटरीपासून थेट इंजिनला चिमट्याने लावली. इंजिनाची थरथर थांबली. दिवे पांढरे झाले. काटा खाली आला.

"बगलात? दुखणा हंयच आसा. खालचो पत्रो सगळो कुसलो आसतलो. कापूक होयो."

"आज नको," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं. चिमटा दोरीने घट्ट बांधून दिला. "ह्यार हरमलाक जावन येवा. पण धक्क्यान सुटात. ह्यां वखद न्हय, नुसती मलमपट्टी."

मी तसाच हरमलला गेलो. आई ओसरीवर बसली होती. मला बघून म्हणाली, "सांगललंय मां, येव नकात म्हणान?"

"न्हेवक येवक नाय. एक दाखवचा आसा."

ती काठी टेकत गाडीपाशी आली. मी बॉनेट उघडलं आणि बोट दाखवलं. ती वाकून बघत राहिली.

"विनून केलली?"

"गेल्या वर्साच्या दसऱ्याक."

तिने हात पुढे केला, पण लावला नाही. मी तिला रुद्रेश काय म्हणाला ते सांगितलं. पत्रा कापावा लागेल, हे जाईल, आणि माझ्याने ते होत नाही, हेही सांगितलं.

"गाडी बंद पडता म्हणान मिया तुमका नको म्हणूक नाय," ती म्हणाली. "चेडू माझा गेला. आता तुमी खंयच्या नात्यान येतास? लोक जावयाक पाटार बसयतत, मिया तुमका ड्रायव्हर केलंय."

मी जे होतं ते सांगितलं.

"घराक मी एकटोच. सोमवार आणि गुरवार सोडले तर माझी वाट कोण बगणा नाय."

तिने काठी गाडीला टेकवून ठेवली. मग आत वळून ओरडली, "गो स्नेहा, कढत पाणी हाड. आणि फडको."

"आई, राहू दे."

"काय रवान दे? काल वायलेला फूल आज निर्माल्य. तां काढूक नाय तर फुडली पूजा खंयसर करतलात? विनून अशी ठेयली आसती?"

तिने फूल उचललं, अक्षता वेचल्या आणि स्नेहाच्या हातात दिल्या, तुळशीत टाक म्हणून. मग फडकं भिजवून कुंकू पुसायला लागली. डायलिसिसची सुई टोचतात त्याच हाताने, हळूहळू. लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. मी माडांकडे बघत राहिलो. तिने हाक मारली, "हयसर बगा तरी."

कुंकवाखाली पत्र्याला भोक पडलं होतं. बोल्ट गंजाच्या खपलीवर नुसता टेकला होता.

"हेच्यार बसयलास तर देवय खाली पडतलो," ती म्हणाली आणि हसली. मलाही हसू आलं. मग दोघांनीही डोळे पुसले, तिने पदराने, मी हाताने.

रुद्रेशने दुसऱ्या दिवशी कुजलेला भाग कापला, नवा पत्रा वेल्ड केला, बोल्टाची जागा चकचकीत होईपर्यंत घासली आणि नवी वायर बसवली. वरून ग्रीस लावलं. म्हणाला, "आता पूजा बॉनेटार करा, काका. भितर मिया करतंय."

गुरुवारी मी हरमलला लवकर पोचलो. आईने मला गाडीकडे जाऊच दिलं नाही. पाटावर बसवलं आणि पुढे पेज ठेवली, सोबत भाजलेला सुका बांगडा.

"तुमी नाय घेणा?"

"माका दाक्तरान पाण्याची बंदी केली हा. पुराय तुमीच संपवची."

ताट भरून होतं. पेज गरम होती, मी फुंकर घालत जेवत होतो. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. थांबला आणि परत वाजला, या खेपेला लांबलचक. मी दारातून बघितलं. आई शेजारच्या सीटवर बसून, वाकून स्टिअरिंगवर तळहात दाबत होती.

"सावकाश जेवा!" ती गाडीतून ओरडली. "पण उशीर झालो!"