दुप्पट करणारा दाता

“वृंदाताई, तो बग बंद करून टाका ना प्लीज. सकाळपासून क्लायंटचे तीन मेल आलेत.”

अनुराग स्क्रीनवरून नजर न काढताच बोलला. वृंदा त्याच्या खुर्चीमागे हातात वही घेऊन उभी होती. जपानातल्या कावासाकी स्टेशनला लागून असलेल्या त्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर सगळे इतके हळू बोलत, की कुणाला विरोध करायचा तरी आधी आवाज खाली आणावा लागे.

“बंद कसा करू? तो सुटलेलाच नाही.”

“तो बग नाहीचे, ताई. क्लायंटला पान तसंच हवंय.”

“अरे, पण दाता कुठाय?”

आता अनुरागने मान वळवली. तो पुण्याचा, वृंदापेक्षा बारा वर्षांनी लहान, आणि तिचा मॅनेजर. “तुम्ही टेस्टर आहात ना? बटण दाबलं की पैसे जातात का, एवढंच बघा. दाता कुठाय ते आपलं काम नाही.”

कंपनी अमेरिकेतल्या संस्थांना आणि निवडणुकीच्या उमेदवारांना ऑनलाइन देणग्या गोळा करायची पानं बनवून देई. जपानात सकाळ असते तेव्हा तिकडे रात्र, त्यामुळे रात्री आलेल्या देणगीदारांच्या मेलना उत्तरं देण्याचं कामही याच ऑफिसकडे होतं. वृंदा दुपारपर्यंत पानं तपासायची आणि दुपारनंतर ‘मेगन’ या नावाने उत्तरं लिहायची. उत्तरांचे बावीस नमुने तयार होते. त्यातला चौदावा तिला तोंडपाठ झाला होता: तुमचं म्हणणं आम्ही संबंधित विभागाकडे पाठवलं आहे. असा विभागच नव्हता.

हा क्लायंट म्हणजे अमेरिकेच्या मधल्या एका राज्यातली बंदूकधारकांची संघटना. सगळे तिला नुसतं ‘लीग’ म्हणत. त्यांच्या दोन-तीन महिन्यांपासून चालू असलेल्या पानावर छातीवर बंदूक आडवी धरलेल्या, कानांना आवाज रोखणारे मफ लावलेल्या एका दहा वर्षांच्या मुलीचा फोटो होता. मुलांच्या सुरक्षा-वर्गांसाठी मदत करा, एक मोठा दाता तुमची प्रत्येक देणगी दुप्पट करणार आहे, मुदत फक्त आज मध्यरात्रीपर्यंत! ती मध्यरात्र रोज नव्याने येत होती. वृंदाने दुपटीचा आकडा कुठून येतो ते शोधलं, तेव्हा तो कुठूनच येत नव्हता. देणाऱ्याने पंचवीस लिहिले की पान त्याला दोनने गुणून पन्नास दाखवायचं, बस. खाली बारीक अक्षरांत ‘दर आठवड्याला’ असा चौकोन होता आणि त्यात बरोबरची खूण आधीच केलेली होती.

तिने बग नोंदवला, तो न सुटताच बंद झाला. पुन्हा नोंदवला, पुन्हा बंद झाला. आता ही तिसरी खेप होती.

त्याच आठवड्यात लॉइड केसलरचं पत्र आलं. मेलच होता तो, पण लिहिला होता पत्रासारखा, तारीख आणि गावाचं नाव घालून. वय अठ्ठ्याहत्तर. शेतीच्या यंत्रांची दुरुस्ती करण्यात हयात गेलेली. तीस वर्षं लीगचा सभासद. दर शनिवारी तो गावातल्या मुलांना बंदूक कशी धरायची, कशी ठेवायची आणि मुख्य म्हणजे कधी हात लावायचा नाही, हे फुकट शिकवत असे.

‘प्रिय मेगन,’ त्याने लिहिलं होतं, ‘मी एकदा पंचवीस डॉलर दिले. माझ्या खात्यातून आठ वेळा गेले. ती चूक माझी असेल, चष्मा जुना झालाय. पण माझ्या वर्गाला दोन वर्षांत लीगकडून कानांचे मफसुद्धा आलेले नाहीत. आणि काल टीव्हीवर डेलच्या विरोधात जाहिरात बघितली, तिच्या खाली लीगचं नाव होतं. माझ्या पैशाचं नेमकं काय झालं?’

डेल कोण, हे पुढच्या दोन पत्रांतून कळलं. लॉइडच्याच हाताखाली शिकलेला मुलगा, आता पन्नाशीचा, राज्याच्या विधिमंडळासाठी उभा होता. बंदूक घेऊन बाहेर पडायचं तर आधी आठ तासांचं प्रशिक्षण घ्यावं, या कायद्याला त्याने पाठिंबा दिला होता आणि त्यावरून बंदूकवाल्यांमध्येच उभी फूट पडली होती. निम्मे म्हणत, यात काय वावगं आहे? निम्मे म्हणत, आज आठ तास, उद्या ऐंशी, हक्काला अटी लागल्या की तो हक्क राहत नाही. लीग या दुसऱ्या बाजूला होती. लॉइड होता लीगचा, पण त्याला डेलचं पटत होतं.

वृंदाने नोंदी उघडून पाहिल्या. मुलांच्या वर्गांचं पान आणि ‘डेलला पाडा’चं पान, दोन्हींचे पैसे एकाच खात्यात जात होते. वर्गांसाठी वेगळं खातं कधी उघडलेलंच नव्हतं.

तिला बंदुकांचं प्रेम होतं अशातला भाग नाही. पण माहेरच्या घरात बंदूक मात्र होती. तिचे वडील सैन्यातून निवृत्त होऊन सांगलीच्या एका सहकारी बँकेच्या दारात बावीस वर्षं बंदूक घेऊन उभे राहिले. त्यांनी एकदाही गोळी झाडली नाही. रविवारी ते बंदूक उघडून, पुसून, तेल लावत बसत, आणि रिकाम्या नळीसमोरूनसुद्धा कुणी गेलं तर असे ओरडत, की पोरं दिवसभर त्या खोलीकडे फिरकत नसत. लॉइडची पत्रं वाचताना तिला तो आवाज ऐकू यायचा.

ती मोरिता-सानांकडे गेली. ते विभागाचे प्रमुख, वागायला सभ्य. तिने छापलेले कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी प्रत्येक पान वाचलं, दोन ठिकाणी पेन्सिलने रेघ मारली, मग खोल श्वास घेऊन म्हणाले, “केन्तो शिमासु.” विचार करू. जपानात अकरा वर्षं काढल्यावर वृंदाला ठाऊक होतं, की या शब्दांनी सुरू होणारा विचार तिथेच संपतो. तरी तिने तीन आठवडे वाट पाहिली. तेवढ्यात लॉइडची आणखी दोन पत्रं येऊन गेली आणि तिने दोन्हींना चौदावा नमुना पाठवला. दुसऱ्यांदा पाठवताना तिचे कान तापले होते.

“तुला काय पडलंय पण?” तिचा नवरा हरीश म्हणाला. टोकियोतल्या निशी-कसाईच्या घरात जेवणं आटोपली होती आणि तो दुसऱ्या दिवशीच्या कचऱ्यातल्या बाटल्यांची झाकणं वेगळी करत होता. “बंदुका त्यांच्या, पैसे त्यांचे, भांडण त्यांचं. आपण इथे परके, तिथे तर कुणीच नाही. तुझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय, विसरलीस का?”

“तो म्हातारा मला विचारतोय रे. लीगला नाही विचारत. मला.”

“मेगनला विचारतोय.”

त्यांच्या मुलीने, चैत्रालीने फोनमधून डोकं वर काढलं. “आई, सोरे याबाइ. भयंकर आहे हे. दॅट्स लाइक, फ्रॉड.” आणि पुन्हा फोनमध्ये गेली. दहावीतल्या मुलीला जे एका वाक्यात कळलं, ते नवव्या मजल्यावर कुणालाच कळत नव्हतं, याचा वृंदाला त्या क्षणी विलक्षण संताप आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कोणताही नमुना न घेता उत्तर लिहिलं. चारच ओळी. दुप्पट करणाऱ्या दात्याची आमच्याकडे कोणतीही नोंद नाही. दर आठवड्याची खूण तुम्ही केलेली नाही, ती आधीपासून केलेली असते. वर्गांसाठी वेगळं खातं नाही. तुमचे पैसे परत मागायचा अर्ज सोबत जोडला आहे. खाली लिहिलं, वृंदा सहस्रबुद्धे, कावासाकी, जपान. एकदा वाचलं आणि पाठवून दिलं.

पाच दिवस शांततेत गेले. सहाव्या दिवशी अनुरागने तिला काचेच्या छोट्या खोलीत बोलावलं. मोरिता-सान आधीच येऊन बसले होते आणि टेबलाच्या कडेकडे बघत होते.

“ताई, काय केलंत हे?” अनुरागचा आवाज चढला, काचेबाहेरच्या दोन माना वळल्या. “त्या माणसाने तुमचा मेल छापून गावभर वाटलाय! क्लायंट म्हणतोय केस करतो. गोपनीयतेच्या करारावर सही केलीय तुम्ही.”

“मी त्याला त्याच्याच पैशांबद्दल सांगितलं.”

“सांगायचं नव्हतं! पंधरा जणांची टीम आहे या क्लायंटवर. उद्या ते गेले तर मी कुणाकुणाला घरी पाठवू? तुम्ही सांगा.”

हा प्रश्न खरा होता. अनुराग वाईट माणूस नव्हता, त्याच्या बायकोला सातवा महिना होता. वृंदाने मोरिता-सानांकडे पाहिलं. “मी आधी तुमच्याकडे आले होते.” ते उठले, खोल वाकले आणि म्हणाले की कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढणार नाही, उरलेल्या दिवसांची रजा कृपया आजपासूनच घ्यावी. वाकताना त्यांचे कान लाल झाले होते. तिला कुणावर तरी जोरात ओरडायचं होतं, पण समोर वाकलेल्या माणसावर ओरडणार कसं?

घरी बसून आठवडा झाला आणि लॉइडचा मेल तिच्या स्वतःच्या पत्त्यावर आला. नाव शोधून शोधून त्याने तो पत्ता मिळवला होता.

‘प्रिय श्रीमती वृंदा, लीगवाले म्हणतात तुम्ही अस्तित्वातच नाही. डेलच्या माणसांनी तुमच्या नावाचा खोटा मेल तयार केला, असं अध्यक्ष सगळ्यांना सांगत आहेत. शनिवारी संध्याकाळी सभासदांची सभा आहे. तुमच्याकडे तेव्हा रविवार सकाळचे नऊ वाजलेले असतील. माझी नात मला व्हिडिओ कॉल लावून देणार आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजू शकतो.’

हरीशने तो मेल दोनदा वाचला. “केस केली तर?” त्याने विचारलं. मग तो म्हणाला, “स्वयंपाकघरात बस. तिथे वायफाय नीट येतं.”

रविवारी नऊला वृंदा स्वच्छ इस्त्रीचा कुडता घालून जेवणाच्या टेबलापाशी बसली. स्क्रीनवर एक लाकडी हॉल दिसला. घडीच्या खुर्च्यांवर साठ-सत्तर माणसं, बायकाही बऱ्याच. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ एक पांढऱ्या भुवयांचा चेहरा आला. “तुम्ही आहात तर,” लॉइड म्हणाला आणि हसला.

तिने पाठ करून ठेवलेली वाक्यं म्हटली. मी ते पान तपासलं. दाता नाही. आकडा पानच तयार करतं. खातं एकच आहे.

“तुमच्याकडे बंदूक आहे का, मॅडम?” मागून कुणीतरी ओरडलं.

“नाही.”

“मग आमच्या हक्कांत तुमचं काय काम?”

“तुमच्या हक्कांबद्दल मी काही बोलतच नाही,” वृंदा म्हणाली. तिचा आवाज तिला अनोळखी वाटला, जरा मोठाच लागला होता. “मी पानाबद्दल बोलतेय. पानावर खोटं लिहिलंय.”

अध्यक्ष उठले. मध्यम वयाचा, नीटनेटका माणूस. “मित्रहो, सक्तीचं प्रशिक्षण आलं की कोण पास आणि कोण नापास हे सरकार ठरवणार. डेलला थांबवलं तरच लॉइडचे वर्ग मोकळे राहतील. म्हणजे पैसे वर्गांसाठीच खर्च झाले, नाही का?”

टाळ्या पडल्या. लॉइड टाळ्या थांबेपर्यंत उभा राहिला. “त्या कायद्यावर मी तुझ्याशी वर्षभर भांडायला तयार आहे,” तो म्हणाला. “कदाचित तुझंच बरोबर असेल. पण भांडायला पैसे हवे होते तर भांडणासाठी माग. त्या पोरीचा फोटो दाखवून मागू नकोस.”

दाढीवाला एक तरुण उठला, “माझेही सहा वेळा गेलेत,” म्हणाला आणि लगेच खाली बसला. दुसरा कुणी म्हणाला, फुटलेलं घर शत्रूला हवंच असतं. मग सगळे एकदम बोलायला लागले. वृंदाने आणखी दोनदा “एक मिनिट” म्हणून पाहिलं, ते कुणाला ऐकूच गेलं नाही. गडबडीत लॅपटॉपला धक्का लागला आणि तिच्या स्क्रीनवर हॉल तिरपा झाला. अध्यक्षांनी प्रस्ताव मांडला की हा विषय समितीकडे सोपवावा. हात वर झाले. तिरप्या स्क्रीनवर तिला ते नीट मोजता आले नाहीत, पण मोजायची गरज नव्हती.

खुर्च्या सरकल्या. माणसं कोट चढवत बाहेर पडू लागली. काहीजण लॉइडच्या खांद्यावर थाप मारून गेले, बरेचसे दुसऱ्या बाजूने गेले. कॉल बंद करायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

“संपलं?” हरीशने दारातून विचारलं.

“हो.”

“मग बंद कर ना.”

तिने कॉल तसाच चालू ठेवला. पलीकडे रिकाम्या हॉलमध्ये लॉइड एकेक खुर्ची मिटून भिंतीला लावत होता. प्रत्येक चौथ्या-पाचव्या खुर्चीनंतर तो कमरेवर हात ठेवून थांबे. थोड्या वेळाने कोट घातलेली एक बाई दारातून परत आत आली, पर्स खिडकीत ठेवून दुसऱ्या टोकापासून खुर्च्या मिटायला लागली. वृंदा टेबलापाशी ताठ बसून ते पाहत राहिली. शेवटची रांग उरली तेव्हा हरीशने चहाचा कप तिच्यापुढे ठेवला आणि शेजारची खुर्ची ओढून तोही पाहत बसला.